चाळीस दिवस जुंपू नये

माझ्या बॅगेत एक बारीक, टोकाशी किंचित वाकडी सुरी असायची. पातं जेमतेम करंगळीएवढं. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी नोकरीची बहुतेक वर्षं बीड जिल्ह्यात काढली, आणि तिथं माझं जे काही नाव झालं ते या सुरीमुळे झालं. नाव म्हणजे तरी काय, दहा-बारा गावांतले लोक म्हणायचे, ‘हा डाक्टर बैलाचा पाय सोडवतो.’ तेवढ्यावर मी खूश असायचो. माणूस किती थोडक्यात फुगतो हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्यावरच डाफरलो असतो.

बैलाच्या मागच्या पायाला आपल्या गुडघ्यासारखाच सांधा असतो आणि त्यावर तशीच वाटी असते. ही वाटी खालच्या हाडाला तीन दोरांनी बांधलेली असते. काही बैलांची वाटी पाय ताणताना वर चढते आणि आतल्या बाजूचा दोर हाडाच्या उंचवट्यावर अडकून बसतो. मग पाय वाकत नाही. बैल तो मागे ताणून, खूर घासत चालतो, आणि अडकलेलं सुटलं की पाय झटका देऊन पोटाकडे ओढतो. उपाय सोपा. बैल पाडायचा, जागा बधिर करायची, बोटानं आतला दोर चाचपायचा आणि सुरी घालून तो कापून टाकायचा. बैल उठतो तो नीट पाय टाकतच. बघणाऱ्यांना चमत्कार वाटायचा, आणि खरं सांगायचं तर मलाही दरवेळी थोडा वाटायचाच.

नंतर मी मालकाच्या हातात चिठ्ठी द्यायचो. पॅडवर एकच ओळ: चाळीस दिवस जुंपू नये. लोक ती देवघरात ठेवल्यासारखी जपायचे. पेरणी तोंडावर आली असली तरी शेजाऱ्याचा बैल मागून आणतील, पण चिठ्ठीतला बैल जुंपणार नाहीत. असा एकही मालक मला आठवत नाही ज्यानं ती मोडली.

त्या वर्षी पाऊस आलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. विहिरी दिवाळीतच तळाला गेल्या. गुढीपाडव्याच्या सुमाराला नेकनूरच्या बाजूला एका सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली आणि माझी नेमणूक तिथं झाली. हजारभर जनावरं, त्यांच्या रांगा, रांगांवर बाजली टाकून राहणारी माणसं. चाऱ्याला माजलगावकडून ऊस यायचा. जो ऊस तोडून माणसं नुकती घरी परतली होती, तोच आता त्यांच्या जनावरांपुढे पडत होता.

तिसऱ्या रांगेत एक विधवा बाई होती. चाळिशीची असेल. तिचे दोन बैल आणि एक लेक. ऊसतोडीत कोयता म्हणजे जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधून वाहायची. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. नवरा गेल्यावर बाईनं बैल विकले नाहीत, कोयताही खाली ठेवला नाही. लेक अकरा वर्षांची होती, तिलाच दुसरी बाजू केलं. उसाच्या फडात आई तोडायची, पोर मोळ्या वाहायची. गाडीही मायलेकीच हाकायच्या. मी छावणीत भेटलो तेव्हा लेकीचं वय अठरा सांगत. मी खोलात गेलो नाही.

त्या बाईचा एक बैल पाय घासत होता. मी तो पाडला, दोर कापला, उठवला. बैल चार पावलं चालला आणि बाई माझ्या पाया पडली. मग उठून सरळ म्हणाली, “सायेब, आता माह्या लेकीचाबी दोर कापा.”

“काय?”

“तिचीबी वाटी सरकती बगा. असंच हाय बैलावानी. तुमची सुरी हायच बाहेर, एवढं करूनच टाका.”

मी हसलो. मोठ्यानं हसलो. भोवतीचे वीस-पंचवीस लोक, जे बैल बघायला जमले होते, तेही हसले. कुणीतरी म्हणालं, “पोरीला पाडायचं म्हंजे दोर लागंल मावशे.” पुन्हा हशा. बाई हसली नाही. ती आपली पदरानं हात पुसत उभी राहिली, आणि तिच्या मागं, बैलाच्या पाठीआड, तिची लेक उभी आहे हे मला तेव्हा दिसलं. ती वळून निघून गेली. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पुढचे आठ दिवस ती पोरगी मी रांगेत आलो की बाजूला व्हायची. एके दुपारी मात्र मी जे पाहायला नको होतं ते पाहिलं, किंवा पाहायलाच हवं होतं. ती उसाचा भारा घेऊन येत होती. पाय रोवून बैलाकडे वळली आणि जागच्या जागी खाली बसली. ओरडली नाही. भारा एकीकडे पडला. मी धावलो तर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला मोठं टेंगूळ आलेलं, आणि जिथं वाटी असायला हवी तिथं खड्डा. तिनं पदराचं टोक दातात धरलं, एक हात वाटीवर ठेवला, दुसऱ्या हातानं टाच धरून पाय हळूहळू सरळ केला. वाटी जागेवर बसल्याचं मला नुसतं बघूनही कळलं. मग तिनं डोळे पुसले आणि भाऱ्याकडे हात केला.

मी म्हटलं, “राहू दे तो. किती वेळा होतं असं?”

“होतं कवा कवा.”

“कधीपासून?”

“लई दिस झाले. बारावं होतं मला. सरीत पाय मुरगळला तवापसून.”

“आणि तूच बसवतेस?”

“मंग कोन बसवनार? फडात डाक्टर असतुया व्हय?”

तिच्या गुडघ्यावर बिब्ब्याचे काळे डाग होते, ओळीनं पाच. गावच्या हाड बसवणाऱ्यानं दिलेले. त्यानं कढत तेलानं गुडघा रगडला होता, दोन महिने पाय हलवू दिला नव्हता, आणि मांडी वाळल्यावर ‘आता उतार पडला’ म्हणून सांगितलं होतं. मला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला. त्यानं निदान पोरीचा पाय हातात तरी घेतला होता. मी काय केलं होतं, तर हसलो होतो.

संध्याकाळी मी बाईच्या बाजल्यावर जाऊन बसलो. चहा आला. मी दोन काड्या आणि सुतळी घेऊन तिला समजावत होतो. बैलाची वाटी अडकते, कारण आतला दोर तिला धरून ठेवतो. म्हणून तो कापला की बैल सुटतो. पोरीचं उलटं आहे. तिचा आतला दोर पहिल्याच वेळी तुटलाय नाहीतर ढिला पडलाय, म्हणून वाटी बाहेर पळते. आता वाटीला धरून ठेवणारं उरलंय ते फक्त मांडीचं मांस. मी त्या दिवशी सुरी चालवली असती तर उरलंसुरलंही गेलं असतं. बाई काड्यांकडे बघत होती.

“म्हंजे बैलाचा कापायचा अन् लेकीचा बांधायचा,” ती म्हणाली.

एवढं स्वच्छ मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, मी ढोरांचा डॉक्टर, ही माणसाच्या डॉक्टरची गोष्ट आहे. दोन दिवसांनी मी स्वतः मायलेकींना बीडला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी फोटो काढला, गुडघा दोन्ही बाजूंनी ढकलून पाहिला. पोरीनं त्यांचा हात घट्ट धरला, तेवढ्यावरून ते समजले. मग त्यांनी सांगितलं, पुन्हा सरकली तर पाय हळू सरळ करायचा, ओढाताण करायची नाही, आणि सूज आली की थेट दवाखान्यात यायचं. गुडघ्याला पट्टा. उकिडवं बसायचं नाही. पाय रोवून अंग वळवायचं नाही. रोज तीन वेळा मांडीचा व्यायाम. आणि एक वर्ष डोक्यावर ओझं नको. ‘वर्षानं मांडी भरली आणि तरीही सरकत राहिली तर ऑपरेशन करू, आतला दोर नवा बसवू. पण या वर्षात मोळी उचलली आणि आतली गादी फाटली, हाडाचा तुकडा निघाला, तर मग मला दोष देऊ नका.’ हे ते बाईकडे बघून बोलले. बाईनं मान हलवली.

व्यायाम म्हणजे अगदी साधा. पाय पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलाची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्यानं दाबून दहा आकडे मोजायचे. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. पुढे पुढे घोट्याला वाळूची पिशवी बांधायची. पोरगी दावणीच्या कडेला पोत्यावर बसून हे करायची आणि बाया तिला चिडवायच्या, “ही काय शाळा काढली ग तू?” ती म्हणायची, “तुमीबी बसा, फी न्हाई.” हळूहळू ती माझ्याशीही बोलायला लागली. आई दर सोमवारी सुतळीनं तिची मांडी मोजायची आणि जिथं टोक पुरेल तिथं गाठ मारायची. गाठी पुढे सरकत होत्या. दुष्काळात माझ्या समोर एकच गोष्ट वाढत होती, ती ही मांडी. मला त्याचा फार आनंद होता हे मी इथं कबूल करतो. मला स्वतःची मुलगी नाही.

वैशाखात तिला बघायला पाहुणे आले. छावणीतच. मुलगा गोरागोमटा, शांत, स्वतःचा कोयता नसलेला. बाप मात्र बोलका. दसऱ्यानंतर तोडीला निघायचं, म्हणून आमच्याकडे त्याआधी लग्नं उरकायची घाई असते. लग्न झालं की कोयता पूर्ण होतो. बाईनं ठरवलं होतं की बैलजोडी लेकीबरोबर द्यायची. एकटीनं बैल घेऊन फडावर जाणं आता होणार नव्हतं. ती दोन एकरांत राहून रोजानं जाणार होती.

बोलणी झाली. पाहुण्यांनी बैल पाहिले. मुलाच्या बापानं बैलाच्या पायावरचा व्रण पाहिला आणि मला हाक मारली.

“सायेब, ह्या पायाचं काय झालतं?”

मी सगळं सांगितलं. आमच्याकडे बैल देताना खोड सांगून द्यायची रीत आहे; लपवली तर बाजारात पुन्हा तोंड दाखवता येत नाही. मी बैलाचा अडकणारा पाय सांगितला, कापलेला दोर सांगितला. चाळीस दिवस पुरे होत आले होते, पण दुष्काळात बैल खंगला होता म्हणून मी नवी चिठ्ठी लिहिली: मृगानंतर आणखी चाळीस दिवस जुंपू नये. बापानं ती वाचली, घडी केली, टोपीत ठेवली.

मग तो हसत म्हणाला, “बैलाची खोड सांगितली तशी पोरीचीबी सांगून टाका. तुमी ह्यांच्यात रोज बसता-उठता. काय हाय का पोरीत?”

तो गमतीत बोलत होता, आणि गमतीत बोलत नव्हता. पाठमोरी बसलेली बाई भाकरीच्या परातीत हात ठेवून थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून दिसते. तिच्यात विनवणी होती, पण त्याहून जास्त भीती होती. पोरीचा पट्टा त्या दिवशी आईनं काढून ठेवला होता. पोरगी पदर सावरून खाली बघत बसली होती.

मी मनात काय काय म्हणालो ते आठवतं. मांडी दोन गाठी भरली आहे. महिनाभरात वाटी एकदाही सरकलेली नाही. माझ्या तोंडून पोरीचं लग्न मोडायला नको. तो माणसाच्या डॉक्टरचा विषय, माझा नाही. भित्र्या माणसाला एकाच वेळी किती शहाणपणाच्या गोष्टी सुचतात.

मी म्हणालो, “नाही. काही खोड नाही.”

परातीतला हात पुन्हा चालू झाला. लग्न ज्येष्ठात झालं, छावणीच्या मांडवातच. आधी मायलेकी नारायणगडाला नारळ फोडून आल्या. पोरीनं निघताना मला वाकून नमस्कार केला, पाय न वाकवता, कमरेतून. मी म्हटलं, “व्यायाम सोडू नकोस.” ती म्हणाली, “न्हाई सोडत.” मृग पडला, छावणी उठली. मी ही गोष्ट चांगली झाली असं समजून घरी गेलो.

माघात मला माजलगावकडे पाठवलं. कारखान्याच्या हद्दीत गाडीबैलांना लाळ्या-खुरकुताची लस टोचायची होती. तोडकऱ्यांच्या कोप्यांची वस्ती, उसाच्या वाढ्यांचे त्रिकोणी आडोसे, प्रत्येकापुढे बैलजोडी. मी टोचत टोचत एका कोपीपुढे आलो आणि बैल ओळखला. मागच्या पायाच्या आत माझाच व्रण. मग कोपीच्या तोंडाशी ती दिसली. पाय लांब पसरून बसली होती आणि परात बाजूला ठेवून, तिरपं होऊन, एका हातानं भाकरी थापत होती. गुडघा फुगून मांडीएवढा झालेला. नाही, मांडीच बारीक झाली होती.

तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. सासरी गेल्यावर गुडघ्याखाली गुंडाळी घेऊन बसली की सासू विचारायची, “कशाला बसलीस गं अशी?” मग तिनं व्यायाम सोडला. फडावर पहिल्याच महिन्यात ओल्या सरीत पाय रुतला, डोक्यावर मोळी, अंग वळलं आणि वाटी गेली. तिनं वाटी बसवली, लुगड्याची चिंधी बांधली, मोळी उचलली. असं तीनदा झालं. नवऱ्याला ‘पाय मुरगळला’ म्हणून सांगितलं. चौथ्यांदा वाटी बसली, पण आत काहीतरी खडकन मोडलं आणि मग पाय पूर्ण वाकलाच नाही.

मला राग आला. मी राग आला की आधी बोलतो आणि मग बघतो. “सांगायला काय झालं होतं? तोंड नव्हतं तुला? डॉक्टरांनी वर्षभर मोळी नको म्हणून सांगितलं होतं ना?”

तिनं भाकरी तव्यावर टाकली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुमी खोड न्हाई म्हणलावता, सायेब. तुमी एवढे मोठे. मंग मी हाय कसं म्हणू?”

 तिचा नवरा तोवर बैल धरून उभा होता. मी त्याला सांगितलं, अगदी सगळं सांगितलं: बीडचे डॉक्टर, पट्टा, सुतळीच्या गाठी, त्याच्या बापाचा प्रश्न आणि माझं उत्तर. बैल गेला आणि झोपा केला, त्यातलाच प्रकार. मला वाटलं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तो कोपीत गेला आणि कोयत्याशेजारी खोचलेली एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. आत त्याच्या जनावरांची कागदं होती. त्यात माझी चिठ्ठी होती, घडीवर घडी पडून मऊ झालेली. मृगानंतर आणखी चाळीस दिवस जुंपू नये.

“हे बगा,” तो म्हणाला. “आमी पाळलं. पेरनीला मागून बैल आनला, पण ह्याला जुंपला न्हाई. लोक हसले आमाला. आमी म्हणलं, डाक्टरनं लिहून दिलंय.”  त्याचा आवाज चढला नव्हता. “हिचंबी लिहून दिलं असतं तर एक साल थांबलो असतो, सायेब. बैलाला थांबलो. बायकूला न्हाई थांबलो असतो व्हय?”

त्याच आठवड्यात मी त्यांना बीडला नेलं. ऑपरेशन झालं, हाडाचा तुकडा काढला, दोर नवा बसवला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की फडावर पहिल्यांदा सरकली तेव्हाच आली असती तर वेगळं असतं. ती आता चालते. मांडी घालून बसता येत नाही, आणि मोळी तर तिनं पुन्हा उचलली नाही. तो कोयता मोडला तो मोडलाच. नवरा मिळेल तिथं रोजानं जातो. आईनं ती गाठींची सुतळी अजून ठेवली आहे असं ऐकलं.

पण त्या दिवशी, त्या कोपीपुढे, मी चिठ्ठी त्याला परत दिली आणि मला दुसरं काही करता येईना म्हणून जे करायला आलो होतो ते केलं. बैलाला लस टोचली. मग तो दहा पावलं चालवून दाखवायला सांगितलं. नवऱ्यानं चालवला. बैल पाय छान टाकत होता.